उजव्या तळहातावरचं तीर्थ

सोनारीच्या राजेश्वरीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उजव्या हाताची मूठ सदा वळलेली. एकदा काळभैरवाच्या देवळात तिनं तीर्थाला डावा हात पुढं केला, तर मागची बाई म्हणाली, "डाव्या हातानं तीर्थ घेत्यात व्हय?" पोर तशीच परतली.

दुसऱ्या दिवसापासून आई मथुराबाई सकाळचं पहिलं पाणी तिच्या उजव्या तळहातावरच ओतू लागली. राजेश्वरी डाव्या हातानं एकेक बोट उलगडायची. पाणी लई सांडायचं. पाच महिन्यांनी घोटभर टिकू लागलं.

मग एका रविवारी ती पुजाऱ्यापुढं उभी राहिली.

"थांबा काका, हात उघडतोय."

"उघड की बाळा, देव कुठं पळून चाललाय?"

तीर्थ पिऊन तिनं मागं पाहिलं. "आये, दोनच थेंब सांडले!"