अर्धंच सांगितलं

अक्का गेली हे सासूबाईंनी मला शेतात येऊन सांगितलं. वर म्हणाल्या, "आंघोळ घालताना तिले हात नको लावजो बरं!" तरी आंघोळ मीच घातली. सव्वा महिना झाला, तरी ते शब्द डोक्यातून जात नाहीत...

अक्का माझी मोठी जाऊ. धरणगावाजवळच्या आमच्या गावात खापरावरचे मांडे करावेत ते तिनेच. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. लग्न कोणाचंही असो, चुलीपुढे अक्काच. मग तिच्या छातीत गाठ निघाली. जळगावच्या डॉक्टरांकडे तिच्यासोबत मी गेले. त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, हा कॅन्सर आहे. शरीरातल्या पेशी बिघडल्या की एरवी आपोआप मरतात. पण पेशीतच काही प्रथिनं असतात, ती हे मरण अडवून धरतात. या रोगात ती फार वाढतात, म्हणून बिघडलेली पेशी मरत नाही, औषधालाही दाद देत नाही. आणि हे शिवल्याने, सोबत जेवल्याने कोणाला लागत नाही.

घरी सगळ्या बायका वाट बघत बसलेल्या. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी एवढंच म्हणाले, "तिच्या गाठीतल्या पेशी मरत नाहीत." लगेच सासूबाई ओरडल्या, "मरत नही? मंग ती आपले बी लागी जाई!" शिवल्याने लागत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतरच्या लग्नात अक्काने मांडे केले. सूप भरलं, पण कोणी हात लावेना. अक्का सगळ्यांकडे बघून हसत म्हणाली, "बठ्ठासनं पोट भरेल शे का आज?" कोणी हसलं नाही. तिच्या देखत ते मांडे गुरांपुढे टाकले. चाळीस वर्षं हिच्या हातचं खाल्लं, तेव्हा नाही कोणाला किळस आली! अक्का पुन्हा चुलीपुढे बसली नाही.

परवा आखाजीच्या सणाला सासूबाई मला म्हणाल्या, "आते मांडा तूच करजो." तेव्हा मी सगळ्यांदेखत डॉक्टरांचं उरलेलं बोलणं सांगितलं. मग सासूबाईंनी त्या दिवसाचं विचारलं, "मंग तवय काबर नही बोलनी?"

खापर तापलं होतं. त्याच्यापुढे अक्काचा पाट तसाच होता, मधोमध बसून बसून खोलगट झालेला... मी त्यावर बसले नाही. जमिनीवरच बसले.