खंडेनवमीचा मणी

अख्ख्या इंदुरात उजेडाचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या आतेभावाकडे बोट दाखवीन. गंमत अशी की या माणसाला पगार मिळतो तो उजेडाच्याच अभ्यासाचा. छत्रीबागेतल्या त्याच्या घरात पाऊल टाकलं की 'ये, बस' नाही, पाणी नाही, पहिला शब्द, "बत्ती!" म्हणजे बंद कर. लग्नाच्या पंगतीत हा हॅलोजनकडे पाठ करून जेवतो. स्वतःच्या लग्नात तर फोटोग्राफर दिसला की "फ्लॅश मत मारो यार" म्हणत खांबामागे जायचा. खिशात नमुना होता म्हणे. अल्बममध्ये वहिनी बहुतेक एकटीच आहे.

हे सगळं त्या खिशातल्या काळ्या डबीपायी. तो काचेचे मणी बनवतो, जेमतेम केसाच्या जाडीचे. आत शिरलेला उजेड मण्याच्या कडेकडेने गोल फिरत राहतो, पण प्रत्येक मण्याला ठरावीक रंगच मानवतात. त्यात ही काच भलती हळवी. बाहेरून उजेड पडला की तिची आवड जराशी सरकते, आणि सरकली की सरकली. म्हणून मोजून उजेड टाकला तर तोच मणी नव्या कामाला लावता येतो, नवं यंत्र करायला नको. "समझे क्या भिया?" असं विचारून तो माझ्या तोंडाकडे पाही आणि मी मान हलवी. आत्या मात्र "माझा मुलगा काचेच्या कामात आहे" असं मल्हारगंजच्या बांगडीवाल्याला सांगे, आणि तो भला माणूस याला डझनाचा भाव विचारी.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे खंडेनवमीला घरात शस्त्रं पुजतात. आता तलवार एकच उरलीय, तीही गंजून म्यानातच बसलीय. तेव्हा ज्याचं जे हत्यार ते पाटावर ठेवायचं: माझा लॅपटॉप, वहिनीची कात्री, याची डबी. काही वर्षांपूर्वीच्या एका खंडेनवमीला डबीत दोन वर्षांच्या खटपटीनंतर साधलेला एकुलता एक मणी होता. सोमवारी दिल्लीहून तपासणीची मंडळी यायची होती. मणी ठरल्या रंगाला लागला नाही तर काम बंद. प्रयोगशाळेत कुणी दिवा लावील या धास्तीने याने तो घरी आणलेला.

आत्याने डबीला हळदकुंकू वाहिलं आणि हात आखडला. "बंद डबीची कसली पूजा रे? इतकी वर्षं झाली, तू करतोस काय ते मी एकदा पण नाही पाहिलं." मोतीबिंदूने तिला तेव्हा माणसंसुद्धा अंदाजानेच ओळखावी लागत. आता हा भडकणार म्हणून मी सावरून बसलो.

त्याने डबी उघडली. वर आपल्याच मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिच्या डोळ्यापुढे भिंग धरलं. आत्या पाहत राहिली. निरांजन विझत आलं तरी पाहत राहिली, आणि हा हात न हलवता उभा. शेवटी म्हणाली, "दिसला. एवढासा तर आहे. याच्यासाठी रोज जेवण थंड करतोस होय?"

सोमवारी मणी अर्थातच ठरल्या रंगावर नव्हता. याने मंडळींना सरळ सांगितलं, "आईने पाहिला." त्यांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. सरकलेला रंग जिथे गेला तिथे पक्का बसला होता; काच उजेड लक्षात ठेवते एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. वर्षभराची मुदतवाढ मिळाली, आणि खाली लेखी सूचना: नमुने पूजेस नेऊ नयेत.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. या खंडेनवमीला तीच डबी पुन्हा तलवारीशेजारी होती. आता त्याच्याकडे असे पुष्कळ मणी आहेत, म्हणून मी म्हटलं, "उघड की, मला पण दाखव."

"नको भिया," तो म्हणाला. "आई पाहून गेली तिथेच तो आहे अजून. आणखी उजेड पडला तर पुढे सरकेल."

या खेपेला तो 'बत्ती' म्हणाला नाही. मीच उठलो आणि बंद केली.