तळ कापलेलं घड्याळ

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासरच्या उभ्या घड्याळाला मी कपाट समजले. दार उघडलं, आत पितळी लंबक लोंबत होता. म्हटलं, वा, काय सोय केलीय! आणि शालू त्याच्यावर टांगला. घड्याळ बंद. मॅट्रिक झाल्याची केवढी ऐट होती बाईसाहेबांना!

ह्यांनी शालू काढून माझ्या हातात दिला आणि न हसता सगळं समजावलं. माणसाहून उंच शिसवी पेटी, खिळा एक नाही, लाकूड सगळं खाचेत बसवलेलं. आत दोन पितळी वजनं. रविवारी किल्ली दिली की वर चढतात, मग आठवडाभर आपल्याच भाराने हळूहळू खाली येतात, म्हणून काटे फिरतात. मी विचारलं, "मग खालची एवढी जागा रिकामी कशाला? डाळीचे डबे ठेवू की!"

मागच्या वर्षी शाहूपुरीतलं घर सोडून आम्ही मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. पीओपीच्या छताखाली घड्याळ मावेना. मुलाने सुताराकडून ते खालून हातभर कापून घेतलं. वजनांना उतरायला जागा तेवढी कमी झाली. आता घड्याळ शुक्रवारीच थांबतं.

एरवी काय बिघडलं असतं? पण ह्यांना हल्ली विसरायला होतं. स्वतःवरचा भरवसा उडालाय, घड्याळावरचा नाही. ते थांबलं की चेहरा पांढराफटक. "अगं, किल्ली द्यायची इसरलो व्हय मी?" तळ कापलाय, मी सांगते. मग वजनांचं गणित मलाच समजावतात, अगदी बरोबर. किल्ली मात्र नेमाने रविवारीच देतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

म्हणून एका गुरुवारी मीच गुपचूप किल्ली दिली. रविवारी ह्यांच्या हाताला फेरे कमी लागले. हात अजून काही विसरत नाही. "म्हंजे मीच दिलीया, आन मला ठावं न्हाय." त्या दिवशी जेवले नाहीत.

परवाच्या शुक्रवारी घड्याळ थांबलं तसं मी ठोकून दिलं, "अहो, आज रविवारच हाय की!" त्यांना हायसं वाटलं. किल्ली घेऊन उठले, तेवढ्यात सून डबा घेऊन निघाली.

"रविवारी कामावर?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. "आमाला सुट्टी न्हाय, पप्पा."

हे तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "दोघी मिळून खोटं बोलायला लागलाय. म्हंजे मला लईच झालंय की गं."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.