दादांच्या दाढीचा साबण

दादांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता वर्ष होत आलं. सोयगाव तालुक्यातल्या गावाहून त्यांना मी शहरात, गारखेड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत आणलं. गोळ्या, मालिश, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी करत होतो. वडिलांकडं बघून पोटात तुटायला पाहिजे होतं, तसं काही होत नव्हतं. वाळूजला एका कंपनीत मी स्टोअर्स सांभाळतो. गाडी आली की माल उतरवून घ्यायचा, तसं एकेक काम उतरवून घेत होतो.

अडलं ते दाढीचं. दादांनी जन्मात स्वतःच्या हातानं दाढी केलेली नाही. गावात न्हावी ओट्यावर यायचा. इथला सलूनवाला दोनदा घरी येऊन गेला, पण तो त्यांना पटेना.

"गाल धरतो का वांगं धरतो त्यो," दादा म्हणाले. "तूच कर."

मी माझ्या तीन पात्यांच्या रेझरनं आणि डब्यातल्या तयार फेसानं केली. दुसऱ्या दिवशी सगळी मान पुरळानं लाल.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातून बी.कॉम. झालो, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो. एखादं काम घ्यायचं तर शिकून करायचं, एवढं कॉलेजनं दिलं. म्हणून आठवडाभर मोबाइलवर जुन्या पद्धतीच्या दाढीचे व्हिडिओ पाहिले. ब्रश, साबणाची वडी, एका पात्याचा सेफ्टी रेझर. सगळे गोरे लोक, सगळं इंग्रजी.

ब्रश घ्यायला गुलमंडीत गेलो. दुकानातले चाचा पांढऱ्या दाढीचे. मी एक ब्रश उचलला तर म्हणाले, "सूअर के बाल का है, पैलेच बता देता हूँ. बाद में झगड़ा नक्को."

"आमचे वडील माळकरी आहेत," मी म्हणालो.

"फिर ये ना तुम्हारे काम का, ना मेरे काम का. नायलॉन का ले जाओ."

नायलॉनचा घेतला. दादांच्या गळ्यात तुळशीची माळ माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. अंड्याचा केक ज्या सुरीनं कापला, ती सुरी ते फळाला लावू देत नाहीत. ब्रशच्या बाबतीत आपण सावध राहिलो, याचं मला बरं वाटलं. चाचांनी खोबरेल तेलाच्या साबणाची एक गोल डबीही पुढं केली होती. डबी पत्र्याची, चित्र जुनाट. मी ती परत सरकवली.

साबण मी मोबाइलवरून परदेशी मागवला, लाकडी वाटीतला. व्हिडिओतले सगळे म्हणत होते, टॅलोचा साबण घ्या, फेस सायीसारखा येतो, कातडी ओढत नाही. टॅलो म्हणजे काय, हे मी बघितलं नाही. एखादं झाड असेल, असं धरून चाललो. इंग्रजी शब्द अडला की मी कधी कुणाला विचारलेलं नाही. मागचंपुढचं बघून अर्थ लावायचा आणि पुढं जायचं. पदवी अशीच काढली.

साबण खरंच चांगला होता. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, झटकायचा, वडीवर फिरवायचा, मग स्टीलच्या वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटायचा. पहिल्या दोन वेळा नुसते बुडबुडे आले. तिसऱ्यांदा फेस दाट बसला. दादांचा डावा गाल लोंबलेला, तो बोटानं वर ताणून धरावा लागे. माळ मी टॉवेलखाली सारायचो. शेवटी तुरटी फिरवली की ते चांगल्या हातानं गाल चाचपायचे.

"बेस झाली," म्हणायचे. "लई गुळगुळीत."

आजारपण लागल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. रविवार आणि बुधवार त्यांनी ठरवून टाकले. पाणी तापवायला ठेवलं की ते खुर्चीत मान मागं टाकून तयार.

दीड महिन्यानं, एका शनिवारी, आठवीतल्या माझ्या मुलीनं सहज साबणाच्या वाटीचं झाकण वाचलं.

"पप्पा, यात चरबी आहे."

"कसली?"

"टॅलो म्हणजे जनावराची चरबी. गाईची नाहीतर मेंढीची." मोबाइलवर ते मला दाखवून ती गणिताला बसली.

मी झाकण लावलं. मनात काहीच आलं नाही. भांडी घासायची होती, ती घासली. दुसऱ्या दिवशी रविवार. गुपचूप साबण बदलला असता तर कुणाला कळलं नसतं. पण दीड महिना त्यांच्या तोंडाला मीच ते फासलं होतं. सांगितलं तर हा माणूस पुन्हा मला गालाला हात लावू देणार नाही, एवढं मला दिसत होतं.

सकाळी पाणी तापवायच्या आधीच सांगितलं. दादांनी मान माझ्याकडं वळवली.

"गाईची का मेंढराची?"

"लिहिलेलं नाही."

"तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"डब्यावर हिरवा ठिपका व्हता का?"

मी बाथरूममधून वाटी आणून बघितली. हिरवा नव्हता, लालही नव्हता. परदेशी मालावर ठिपका कुठला.

"आमाला वाचता येत नाय, म्हणून आमी ठिपका बघतो," दादा म्हणाले. "तुला वाचता येतं, म्हणून तू त्योबी बघितला नाय."

आवाज चढवला नाही. मग म्हणाले, "माळ काढ. मला एका हातानं निघत नाय."

मी माळ काढून देवापुढं ठेवली. गळ्यावर माळेच्या जागी गोरा पट्टा होता. तो मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी नुसती अंघोळ घालून घेतली. बुधवारी मी विचारलं, तर नको म्हणून मान हलवली. पुढच्या रविवारी विचारलंच नाही. दाढी पांढरी वाढत गेली. जेवण, गोळ्या, मालिश चालूच होतं. बोलणं पाणी दे, पंखा लाव, एवढंच.

एकादशीला गावाकडचे एक जुने माळकरी एसटीनं आले. मीच फोन केला होता. त्यांनी माळ धुतली, अभंग म्हणत दादांच्या गळ्यात घातली. चहा घेताना दादांकडं बघून म्हणाले, "आता गडी साधूच झाला की. पाया पडू का?"

"पड," दादा म्हणाले. "तुज्या गुडघ्याला जमंल तर."

दोघं हसले. मी कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी उपास सोडल्यावर दादांनी मला हाक मारली.

"साबण आणलास का दुसरा?"

आणला होता, त्याच रविवारी, चाचांकडून.

"दाव."

मी डबी त्यांच्या हातात दिली. ती फिरवून फिरवून त्यांनी ठिपका शोधला, त्यावर अंगठा घासला. निघतो का बघत असावेत. मग डबी मला दिली आणि मान मागं टाकली.

"डाव्या गालावर पातं फिरलेलं मला कळत नाय," ते म्हणाले. "तिथं तूच बघून कर."

दाढी फार वाढली होती. आधी कात्रीनं कापून घ्यावी लागली.