काकी, खाडी आणि पॉवर हाऊस

भांडावं कसं हे ज्याला शिकायचं असेल त्याने आमच्या काकीकडे जावं, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. आता ती सोय राहिली नाही. पुढच्या आयुष्यात मी नामांकित वकील ऐकले, मैदानं गाजवणारे पुढारी ऐकले, शिक्षकांच्या सभांत नियमांचं पुस्तक आपटून भांडणारी माणसं तर ढिगाने पाहिली. पण पोटात तिळाएवढा आकस न ठेवता, समोरच्याने सकाळपासून काही खाल्लं आहे की नाही याची आधी चौकशी करून मग त्याला उभा सोलून काढणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. काकी माझी नात्याची कोणी नव्हती. मालवणच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बंदराच्या गावात ती तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, विकायची आणि मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. साठ साल उजाडायच्या आधीची ती चार-पाच वर्षं. त्यानंतर बऱ्याच गावांचं पाणी प्यालो; पण कुठल्याही बाजारात चढा आवाज कानावर आला की अजून मान वळते.

पहिल्याच दिवशी तिने मला तिसऱ्या द्यायचं नाकारलं. पाटीपुढे मी पिशवी धरली, तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "खंयचो तू?" कुडाळचा, म्हटल्यावर तिला माझी मनापासून कीव आली. "कुडाळात मासो पोचासर दोनदा मरता. एकदा दर्यात, एकदा यस्टीत. तुका तिसऱ्यांतला काय कळतला?" मग करणार कशा, हा प्रश्न. मी एकटा जीव. कांदा-मिरची घालून उकडीन म्हणालो. त्यावर तिने पाटीवर फडकंच टाकलं. दुसऱ्या दिवशी मात्र ती आपली विळी, तिकडे तिला आडाळो म्हणतात, कमरेला धरून माझ्या खोलीत हजर झाली आणि एकेक तिसरी मधोमध फोडून, मांस एका शिंपीत ठेवून दुसरी कशी टाकायची हे मला शिकवलं. तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं, तेव्हा कुठे मी गिऱ्हाईक म्हणून पास झालो. कचेरीतल्या हेडक्लार्कच्या बायकोने एकदा तिसऱ्यांत बटाटे घातले, ही बातमी काकीच्या कानावर गेली, तर तिने त्या आळीत पाटी नेणंच बंद केलं. हेडक्लार्क स्वतः येऊन असं पुन्हा होणार नाही म्हणून सांगून गेले. काकी म्हणाली, "बघूया."

ती जगातल्या सगळ्यांना 'तू' म्हणायची. मामलेदार असो, देवळातले भटजी असोत, नाहीतर साक्षात ग्रामदेवता असो. 'तुमी' हा शब्द तिला येत नव्हता असं नाही. तो तिने रागासाठी राखून ठेवला होता. तिच्या तोंडून कुणाला 'तुमी' गेलं, की आजूबाजूच्या बायका आपापल्या पाट्या जरा मागे ओढून घेत. आणि तिचं नाक! डोळे मिटून एखादी तिसरी ती नाकाशी न्यायची आणि सांगायची, "ही देवळाखालची. ही वडाकडची." मी एकदा मुद्दाम तिची परीक्षा घेतली. एकच उत्तर चुकलं, आणि तेव्हाही चूक माझीच होती असं तिने नंतर सिद्ध करून दाखवलं.

अशा नाकाच्या बाईच्या खाडीवर वीज कंपनीने पॉवर हाऊस बांधलं.

वीज आली तो दिवस गावाने सणासारखा साजरा केला होता. बाजाराच्या रस्त्यावर खांब लागले, दुकानांतून दिवे आले, आणि त्या डिझेलच्या इंजिनाची धडधड ऐकत लोक कौतुकाने उभे राहिले. काकीही उभी होती. कौतुक करण्यात ती मागे नव्हती. पण पाच-सहा महिन्यांत तिच्या लक्षात आलं, की पॉवर हाऊसचं गटार नेमकं तिसऱ्यांच्या पुळणीवर सुटतं आहे. इंजिनाचं जळकं तेल त्यातून खाडीत यायचं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बायका तिसऱ्या वेचायला गुडघाभर पाण्यात उतरल्या, की पोटऱ्यांना काळी वेलबुट्टी चिकटायची. तिसऱ्यांना रॉकेलसारखा वास येऊ लागला. गिऱ्हाईकं पाटी हुंगून पुढे जाऊ लागली. त्या पुळणीवर अकरा घरं जगत होती. बहुतेक बाया नवरा नसलेल्या; होडी नाही, जाळं नाही, फक्त दोन हात आणि ती सुकती.

काकी सरळ मॅनेजरच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मॅनेजर परगावचा, तसा भला माणूस. "न्हेरी केलंस?" तिने विचारलं. म्हणजे न्याहारी. त्याने मान हलवल्यावर मग तिने तेलाची गोष्ट काढली. तो हसून म्हणाला, "अहो काकी, खाडी केवढी मोठी आणि आमचं तेल केवढंसं!"

"मगे तुझ्या पिण्याच्या घागरीत एकच थेंब घालू?" काकी म्हणाली. "घागर पण मोठी आसा."

मॅनेजरने, असं काही असेल तर लेखी द्या, असं सांगितलं. म्हणून काकी माझ्याकडे आली आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड लेखन सुरू झालं. ती भिंतीला टेकून बसायची आणि सांगायची, "लिव. सायबा, तुझ्या इंजिनार शिरा पडो." शिरा पडो हा तिकडचा शाप. मी लिहायचो, 'महोदय, आपल्या यंत्रामुळे होत असलेल्या उपद्रवाकडे आपले लक्ष वेधीत आहोत.' मग मी वाचून दाखवायचं आणि तिने ऐकायचं.

"ह्यात शिरा खंय पडली?"

"उपद्रव म्हटलं ना, त्यात आली."

"मगे तो शब्द दोनदा लिव."

आमच्या त्या अर्जात उपद्रव दोनदा आहे. खाली अकरा जणींचे अंगठे हवे होते, म्हणून मी शाळेतून शाईची गादी आणली. काकीने ती बाजूला सारली आणि गटाराच्या तोंडाशी भरलेली करवंटी पुढे केली. "शाई कित्या? तेंचाच तेल आसा." अकराही अंगठे त्या काळ्या तेलात बुडवून उठवले गेले. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की अर्ज डागाळलेला व दुर्गंधीयुक्त असल्याने स्वच्छ प्रत पाठवावी. मी ते वाचून दाखवलं. काकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "कागदाचो वास तेंका सोसना नाय रे मास्तरा!"

स्वच्छ प्रत लिहायच्या वेळी मात्र मी कच खाल्ली. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून, विजेला विरोध म्हणजे प्रगतीला विरोध, आणि तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, अशी दोन वाक्यं एकापाठोपाठ एक सांगितली होती. मी काकीला म्हटलं, या वेळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. तिने माझ्याकडे पाहिलं. "बरा, मास्तरानु," ती म्हणाली. "तुमचा बरा चलांदे." ती बहुधा रागावलीही नव्हती, पण तो 'तुमचा' माझ्या छातीत रुतला. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्या दारावरून जायची, हाक मारायची नाही. सोळाव्या दिवशी मीच कागद-दौत घेऊन तिच्या खोपीवर गेलो. ती जाळीवर सुके बांगडे उलटत होती. मान वर न करता तिने विचारलं, "जेवलंस?" मी नाही म्हणालो, आणि तिथेच बसून जेवलो. स्वच्छ प्रत त्यानंतर लिहिली. उपद्रव पुन्हा दोनदा.

तोवर बाजार काकीवर उलटला होता. या बायांच्या कटकटीने कंपनी गाशा गुंडाळील आणि गाव पुन्हा काळोखात जाईल, असं दुकानदार बोलू लागले. एकाने भर चौकात तिला तसं ऐकवलं. काकीने पाटी खाली ठेवली. "माका तुमचो उजेड विझवचो नाय," ती म्हणाली. "माझ्या खोपीत पण येवंदे. पण घरात दिवो लावतास म्हणान तेची काजळी शेजाऱ्याच्या ताटात झाडतास?" तिची बाजू मात्र कुणी घेतली नाही, आणि त्या दिवशी तिची अर्धी पाटी तशीच परत गेली.

मग तिने जे केलं ते कुठल्या पुढाऱ्याला सुचलं नसतं. मोर्च्यांचे दिवस होते ते, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आमच्या गावातही पोहोचल्या होत्या. पण काकीने मोर्चा काढला नाही, घोषणा दिली नाही. तिने सगळ्या मासळीवाल्या बायांना गोळा केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गावचा मासळीबाजार बाजारात भरायचा बंद होऊन पॉवर हाऊसच्या फाटकाशी भरू लागला. सुरमई हवी, फाटकाशी या. बांगडा हवा, फाटकाशी या. मासळीवाचून जेवण म्हणजे उपास मानणारं गाव ते, गेलं निमूट. पाटीपाशी वाकलं की समोर ते गटार, त्यातून लोंबणारं काळं तेल आणि पाण्यावर पसरलेले मोरपिशी रंग. आठ दिवसांत सगळ्या गावाने ते गटार पाहिलं, हुंगलं. चौकात बोलणारा दुकानदारही आला. नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "हे एवढं आहे होय?" काकीने त्याला चांगले ताजे बोंबील निवडून दिले.

दुसऱ्या अर्जाची दखल घेतली गेली ती या फाटकामुळेच. पाहणीसाठी मोठे साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी कंपनीने गटार घासून काढलं, त्यात चुना टाकला. साहेब आले तेव्हा पाणी आरशासारखं वाहत होतं. मॅनेजर शांतपणे माहिती देत होता. माझा धीर सुटला. दोन वर्षांचं सगळं एका चुन्याच्या पोत्याने धुऊन टाकलं होतं.

काकी काठावर तीन दगडांच्या दोन चुली मांडून बसली होती. दोन मडकी, दोन्हींत तिसऱ्या आणि नुसतं विहिरीचं पाणी, खाली एकाच माडाच्या झावळ्या. "न्हेरी केलंस सायबा?" तिने विचारलं. साहेबांनी हो म्हटलं असतं तर सुटले असते. ते शिष्टाचाराने, अजून नाही, असं म्हणाले. "मगे बस."

पहिल्या मडक्याचं झाकण काढलं. समुद्राचा खारट, गोड वास सगळ्यांच्या नाकात शिरला. "ह्यो पलीकडच्या काठाच्यो," काकी म्हणाली. मग दुसऱ्याचं काढलं. "ह्यो हयच्यो. काल सुकतीक काढलेल्यो." वाफ वर आली आणि मागे उभे असलेले दोन कारकून खोकले. मॅनेजर म्हणाला, "धुराचा वास असेल, साहेब." साहेबांनी दोन्ही चुलींकडे पाहिलं. मग त्यांनी पहिल्यातली एक तिसरी खाल्ली, आणि दुसऱ्यातली एक तोंडात टाकली. ती त्यांना गिळवेना, आणि एवढ्या माणसांपुढे थुंकवेना. डोळ्यांत पाणी आलं. अखेर त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि मॅनेजरला अगदी हळू विचारलं, "हे गटार तुम्ही काल किती वाजता धुतलंत?"

पुढे चार महिन्यांनी सिमेंटची टाकी बांधली गेली. जळकं तेल त्यात साठायचं आणि पिंपांतून बाहेर जायचं. काकी रोज टाकीवर फेरी मारायची, जणू तिने ती स्वतः बांधून घेतली होती. काठोकाठ भरलेली दिसली, की ती तिथूनच मॅनेजरला 'तुमी' म्हणून हाक मारायची, आणि तो बिचारा खुर्चीतून धावत यायचा. त्याला तिने एकदा बोलावून स्वतःच्या हाताने रांधून जेवायला घातलं, तेव्हा तो म्हणाला, काकी, मला खरंच वाटलं होतं, खाडी मोठी आहे. काकी म्हणाली, "माका ठावक आसा."

पण गटाराखालची पुळण लगेच जिवंत झाली नाही. पहिल्या वर्षी तिथे रिकाम्या शिंप्याच सापडल्या. दुसऱ्या वर्षी नखाएवढी पिल्लं दिसली; काकीने ती कुणाला वेचू दिली नाहीत. तोवर अकरा घरांतली तीन पोट भरायला मुंबईला गेली होती, ती परत आली नाहीत. जिंकलीस की गं, असं मी एकदा म्हणालो, तर तिने त्या तिघींची नावं एकेक करून उच्चारली आणि पाटी उचलून निघून गेली. त्यानंतर मी तो शब्द तिच्यापुढे वापरला नाही.

माझी नांदगावला बदली झाली. शाळेने निरोप समारंभ केला, हेडमास्तर गहिवरून बोलले. काकी आली नाही. सकाळच्या यस्टीने निघालो, तर खाडीच्या वळणावर बाया पाण्यात वाकलेल्या दिसल्या. सगळ्या पाठमोऱ्या, पण तिचा तो चढवलेला काष्टा मी ओळखला. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन जोरात हाक मारली. गाडीच्या आवाजात ती तिला ऐकू गेली असेल असं वाटत नाही. तरी ती उठून उभी राहिली, कपाळावर हात धरून उन्हातून गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकली. सुकती थोडाच वेळ असते. त्या वयात मला वाटलं, माझ्यासाठी तिने आणखी घटकाभर उभं राहायला हवं होतं, आणि मी रुसल्यासारखा पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ती गेल्याची बातमी मला बऱ्याच वर्षांनी, तीही उशिरा, एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. तेव्हापासून मी त्या सकाळचा हिशेब निराळा मांडतो. भरती यायला लागली होती, पाटी अजून अर्धी होती, आणि तरीही ती उठून उभी राहिली होती.