एक कंट्रोल गेला!

लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, रक्ताच्या नळ्यांसारखे रोज येतात. नळ्या फ्रीजरमध्ये जातात, किस्से मी घरी नेते. आई गेल्यापासून विक्रोळीच्या घरात ते ऐकायला कोणी नाही, म्हणून इथे सांगते.

आधी आमचं काम सांगते. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत गाठ येते. बहुतेक गाठी साध्या, काही कॅन्सरच्या. सुई घालून तपासलं तरी काहींचं नक्की कळत नाही. त्यांना आम्ही ‘मधल्या’ म्हणतो. मग अर्धी ग्रंथी काढतात आणि पुष्कळदा कळतं, गाठ साधीच होती! कॅन्सरची गाठ साखर, चरबी वेगळ्या तऱ्हेने वापरते. त्याच्या खुणा रक्तात सापडल्या तर कापाकापी वाचेल, म्हणून आमचं मशीन त्या शोधतं.

*

हे सगळं मी दहिसरच्या एका काकांना समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

“म्हणजे गाठ काय खाते, ते तुम्ही बघता?”

“साधारण तसंच.”

“घ्या! मी काय खातो ते बायको बघते, आता गाठीवर पण पाळत!”

बायको दाराशी त्यांची पिशवी धरून उभी होती. तीही हसली. उघडच सांगते, मला काकांचा हेवा वाटला.

*

रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं, नाहीतर मशीनला गाठीऐवजी नाश्ताच दिसतो. एका मालवणी काकूंना स्नेहाने, म्हणजे आमच्या ज्युनिअरने, फोनवर सांगितलं, “उद्या फास्टिंग हं काकू, उपास.”

काकू वेळेवर हजर. मी सवयीने विचारलं, “काही खाल्लं नाही ना?”

“नाय गो! उपासच केलंय. साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि वाटीभर दही. मीठसुद्धा उपासाचाच घातलंय!”

स्नेहाने कपाळावर हात मारला. “वाट लागली!”

तेव्हापासून दारावर पाटी आहे: ‘उपाशी या. उपास करून येऊ नका.’

*

अभ्यासाला निरोगी माणसांचं रक्तही लागतं. त्या माणसांना आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो. बाहेरचं कोण उगाच सुई टोचून घेणार? स्टाफच हात पुढे करतो. आधी गळ्याची सोनोग्राफी होते. मी निरोगी म्हणून आत गेले आणि गाठ घेऊन बाहेर आले! सुईचा रिपोर्टही आला, मधली.

स्नेहाने यादीतला नंबर खोडला आणि नाव न बघताच आत बसलेल्या आमच्या मुख्य डॉक्टरांना ओरडून सांगितलं, “मॅडम, एक कंट्रोल गेला!”

मग तिने नाव वाचलं.

“शैलाताई... सॉरी गं.”

“अगं, गेला नाही. पार्टी बदलली!”

सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

*

मशीनचं काम झालं की स्क्रीनवर प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका उमटतो. साध्या गाठी निळ्या, कॅन्सरच्या लाल, मधल्या राखाडी. ठिपक्यांना नावं नसतात, नंबर असतात. पण ते नंबर नळ्यांवर मीच चिकटवते ना!

माझा राखाडी ठिपका निळ्यांच्या बाजूला होता, पण पार कडेला.

“हा बघ ना, कोणात मिसळतच नाही,” स्नेहा म्हणाली. तो माझा, हे तिला ठाऊक नव्हतं.

“स्वभाव असेल एकेकाचा,” मी म्हटलं.

मॅडमना मात्र गाठून विचारलं, “निळ्यांजवळ आहे. मग ऑपरेशन नको ना?”

“शैला, अभ्यास पूर्ण होईपर्यंत ठिपक्याच्या भरवशावर गळा सोडायचा नाही.”

पेशंटना मी स्वतः हेच सांगते. अर्धी ग्रंथी गेली.

*

ऑपरेशनला स्नेहा थांबली होती. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवर एकटी गेले. आतल्या काकांनी मान वर न करता विचारलं, “पेशंटचे कोण?”

“मीच पेशंट.”

“पेशंटच्या हातात देत नाही. घरच्या कोणाला तरी पाठवा.”

“घरी कोणी नाही हो.”

“असं कसं कोणी नाही? बघा, कोणीतरी असेल. नेक्स्ट!”

मी जिन्यापाशी जाऊन बसले. फोन काढला, नावं वर-खाली केली, परत ठेवला. मग ओढणी गळ्याभोवती नीट गुंडाळली, टाके झाकले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.

“पेशंटचे कोण?”

“बहीण.”

काकांनी पाकीट काढलं, कागदावर नजर टाकली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

“कॅन्सर नाहीये ताई, साधी गाठ आहे. जा, आधी तिला सांगा. वाट बघत असेल बिचारी.”

“हो ना,” मी म्हटलं, “सकाळपासून बघतेय.”