आईने निवडलेली गन

नव्या रबरी पाइपाचा वास आला की सोलापुरातलं ते पंपांचं दुकान आठवतं. म्हशी धुवायच्या प्रेशर वॉशरची गन मोडली होती, म्हणून मोहोळहून आई आणि मी नवी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने दारातच एक चालवून दाखवली आणि पायरीवरचा वाळका चिखल क्षणात उडाला. "लई जोर हाय, मावशी." आईने बांगड्या मागे सारून हात पुढे केला. "आता हितं मार." तो कचरला, पण तिने ऐकलं नाही. लांबून मारलेल्या धारेनेही कातडी लाल झाली. "म्हस काय बोलून दाखवती व्हय? दुसरी काढ." शेवटी एकीचं पाणी छत्रीसारखं पसरलं, तेव्हा कुठे ती हसली. परवा तिच्याच न्हाणीघरासाठी हँडशॉवर घ्यायला गेलो होतो. दुकानदार जोराचं कौतुक करत होता, आणि मी बाही वर सारली.